दातातील चांदी आणि सिमेंट : भीती किती, काळजी किती?

रक्तदाब मोजून होतो, साखरेचा अहवाल पाहून होतो, औषधांची चिठ्ठी हातात पडते आणि खुर्चीतून उठता उठता अनेक ज्येष्ठ रुग्ण एक प्रश्न हळूच पुढे करतात. ‘‘डॉक्टर, माझ्या दाढेत तीस वर्षांपूर्वी चांदी भरलेली आहे. तिच्यात पारा असतो म्हणे. काढून टाकू का?’’ कधी प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. ‘‘आता पांढरे सिमेंट भरतात, पण ते म्हणजे प्लॅस्टिकच ना? त्याने काही अपाय तर होणार नाही?’’ दंतवैद्यांना हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून प्रश्न घरच्या डॉक्टरकडे येतो.

मी दंतवैद्य नाही. दात कसा कोरावा आणि कसा भरावा, हे त्या शास्त्राचे काम. परंतु तो दात ज्या देहात आहे, त्या देहाचा मधुमेह, त्याची मूत्रपिंडे, रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि जुनी ॲलर्जी यांची नोंद घरच्या डॉक्टरकडे असते. फिलिंगच्या पदार्थाची सुरक्षितता या नोंदीपासून तोडून सांगता येत नाही. कोणता पदार्थ, कोणाच्या तोंडात, कोणत्या दातात आणि किती काळजीने भरला, या चारही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. शिवाय दात न भरता तसाच ठेवला तर काय होईल, हाही हिशेब मांडावा लागतो. ज्येष्ठांच्या बाबतीत नेमका हाच हिशेब बहुतेक वेळा राहून जातो.

‘सुरक्षित’ कशाला म्हणायचे?

दातात भरायचा कोणताही पदार्थ तोंडात येण्यापूर्वी काही पायऱ्यांमधून जातो. प्रथम प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तो ठेवून पेशी मरतात का, हे पाहतात. नंतर त्याने ॲलर्जी उद्भवते का, ऊतींचा दाह होतो का, याची परीक्षा होते. अखेरीस प्रत्यक्ष दातात भरल्यावर आतील मज्जेवर काय परिणाम होतो, हे तपासतात. वैद्यकीय साधनांच्या अशा जैविक परीक्षेसाठी आयएसओ १०९९३ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे आणि खास दंतवैद्यकासाठी आयएसओ ७४०५ हे मानक आहे. आपल्या देशात हे पदार्थ २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत येतात.

मात्र परीक्षेत उतरलेला पदार्थ सर्वत्र आणि सर्वांसाठी निर्धोक असतो, असे नाही. याचे एक बोलके उदाहरण आहे. ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट दातांमध्ये कित्येक दशके उत्तम काम देत आले आहे. त्याच जातीचे सिमेंट १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात कवटीच्या तळाजवळच्या शस्त्रक्रियेत हाडातील पोकळी बुजवण्यासाठी वापरले गेले. तेथे ते मेंदूभोवतीच्या द्रवाच्या संपर्कात आले, त्यातून ॲल्युमिनियम बाहेर पडले आणि काही रुग्णांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. पदार्थ तोच होता; जागा बदलली आणि परिणाम पालटला. म्हणून ‘हे चांगले, ते विषारी’ अशी सरळ वाटणी करणाऱ्या कोणत्याही दाव्याकडे आपण सावधपणे पाहावे.

चांदी आणि तिच्यातील पारा

आपण जिला चांदी म्हणतो ती निव्वळ चांदी नसते. चांदी, कथील आणि तांबे यांची पूड पाऱ्यात घोटून तयार केलेला तो मिश्रधातू असतो. त्याला अमाल्गम म्हणतात. त्याच्या वजनात साधारण निम्मा वाटा पाऱ्याचा असतो. हे ऐकून छातीत धस्स होणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे पारा मोकळा नसतो. इतर धातूंशी संयोग पावून तो घट्ट बांधला गेलेला असतो. चावताना, दात खाताना किंवा गरम चहा पिताना त्याची अत्यल्प वाफ सुटते, हेही खरे आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. तिचे प्रमाण समजून घेण्यात आहे.

येथे पाऱ्याची रूपे वेगळी ओळखली पाहिजेत. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली ज्या भीषण आजाराची ओळख पटली, तो मिथिल पाऱ्यामुळे झाला होता. कारखान्याच्या सांडपाण्यातून तो समुद्रात गेला, तेथून माशांत आणि माशांतून माणसांत. अमाल्गममधून सुटतो तो धातुरूप पारा. गिळला गेलेला धातुरूप पारा आतड्यांतून जवळजवळ शोषलाच जात नाही. श्वासातून आत गेलेली वाफ मात्र मोठ्या प्रमाणात शोषली जाते. म्हणून चांदीचा तुकडा निघून पोटात गेला तर घाबरण्याचे कारण नसते. याउलट जुनी चांदी कोरून काढताना उडणारी वाफ आणि धूळ यांबाबत दक्षता घ्यावी लागते.

चांदीमुळे प्रत्यक्ष आजार होतात का, याचा शोध अनेकांनी घेतला आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत, एक अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये आणि दुसरा पोर्तुगालमधील लिस्बन येथे, मिळून हजाराहून अधिक मुलांच्या दातांत काहींना अमाल्गम तर काहींना पांढरे फिलिंग भरण्यात आले. अनुक्रमे पाच आणि सात वर्षे त्यांची बुद्धी, स्मरणशक्ती आणि मूत्रपिंडे तपासली गेली. बुद्धी व स्मरणशक्तीत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. ज्येष्ठांना जवळचा वाटेल असा अभ्यास अमेरिकेतील कॅथलिक जोगिणींचा आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या या स्त्रियांच्या दातांतील अमाल्गम आणि त्यांची बौद्धिक क्षमता यांचा संबंध तेथे दिसून आला नाही.

मग जगभर अमाल्गम मागे का पडत आहे? त्याचे मोठे कारण पर्यावरण आहे. दवाखान्यांच्या सांडपाण्यातून आणि कचऱ्यातून पारा माती-पाण्यात जातो व अखेर माशांच्या रूपाने ताटात परत येऊ शकतो. मिनामाताच्याच नावाने २०१३ साली पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतही त्यात सहभागी आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५पासून, अपवादात्मक वैद्यकीय गरज सोडता, अमाल्गमचा वापर थांबवला. मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०३४पर्यंत तो जगभर बंद करण्याचे ठरवले आहे. म्हणजे नव्याने दात भरताना चांदीचा आग्रह धरू नये, हे योग्यच. परंतु ‘यापुढे भरू नये’ आणि ‘भरलेली उपटून काढावी’ ही दोन वाक्ये एक नव्हेत.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२०मध्ये या दोन्ही बाबी स्पष्ट केल्या. गर्भवती व स्तनदा माता, गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रिया, लहान मुले, पार्किन्सन, अल्झायमर किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखे मज्जासंस्थेचे आजार असलेले, मूत्रपिंडे अशक्त झालेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले, यांच्या दातांत शक्यतो नवे अमाल्गम भरू नये. मात्र सुस्थितीतील जुने फिलिंग, वैद्यकीय गरज नसेल तर, काढू नये. कारण काढतानाच पाऱ्याची वाफ क्षणभर वाढते आणि दाताचा निरोगी भागही विनाकारण कोरला जातो.

माझ्याकडे येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका सहा दाढांमधील चांदी काढून घेण्याच्या निश्चयाने आल्या होत्या. अलीकडे त्यांना विसरायला होत होते आणि मोबाइलवरील एका चित्रफितीने त्याचे खापर दातांवर फोडले होते. रक्ततपासणीत त्यांचे बी-१२ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. दंतवैद्यांनी सहाही दाढा पाहिल्या. पाच फिलिंग भक्कम होती, सहाव्याची कड तुटून खाली नवी कीड लागली होती. तेवढे एक बदलले. बी-१२च्या उपचाराने त्यांचा विसराळूपणाही बराच ओसरला. सगळी चांदी काढत बसल्या असत्या, तर पाच दाढा दुबळ्या झाल्या असत्या आणि विसरण्याचे खरे कारण तसेच राहिले असते.

पांढरे फिलिंग : कॉम्पोझिट

दाताच्या रंगाचे जे फिलिंग आज सर्वाधिक वापरले जाते ते कॉम्पोझिट. त्याचा पाया असलेले रेझिन अमेरिकी शास्त्रज्ञ राफेल बोवेन यांनी शोधले आणि १९६२ साली त्याचे पेटंट घेतले. या रेझिनमध्ये काचेचे व सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. मऊ लेप दातात बसवून त्यावर निळा प्रकाश सोडला की त्यातील सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या बनतात आणि लेप दगडासारखा घट्ट होतो.

मुद्दा आहे तो सुट्या राहिलेल्या रेणूंचा. सगळेच रेणू साखळीत गुंफले जात नाहीत. उरलेले काही रेणू मुख्यतः पहिल्या एक-दोन दिवसांत लाळेत झिरपतात आणि नंतर त्यांचे प्रमाण झपाट्याने घटते. ज्या बिस्फेनॉल-ए नावाच्या रसायनाविषयी प्लॅस्टिकच्या डब्यांच्या संदर्भात चर्चा होते, त्याचा अंशही दात भरल्यानंतरच्या काही तासांत लाळेत सापडू शकतो. दंतवैद्य ते मुद्दाम मिसळत नाहीत. काही रेझिन तयार होताना त्याचा लेश मागे राहतो, तर काही रेझिनांचे लाळेतील विकरांमुळे विघटन होऊन ते बनते.

हे प्रमाण कमी राखणे बरेचसे कौशल्यावर अवलंबून असते. लेप एकदम जाड न भरता साधारण दोन मिलिमीटरच्या थरांनी भरावा लागतो. निळ्या दिव्याचे टोक स्वच्छ आणि दाताच्या जवळ असावे लागते. हवेच्या संपर्कामुळे सर्वांत वरचा थर थोडा चिकट, अपक्व राहतो. तो पुसून, घासून गुळगुळीत करावा लागतो. आपल्या हाती असलेली गोष्ट साधी आहे : फिलिंग झाल्याबरोबर पाण्याने अर्धा मिनिट खळखळून चूळ भरावी आणि पाणी थुंकून टाकावे. निळ्या दिव्याकडे टक लावून पाहू नये; मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी नारिंगी चष्मा मागून घ्यावा किंवा डोळे मिटून घ्यावेत.

या रेझिनांची ॲलर्जी काही जणांना असते. कृत्रिम नखे किंवा जेलची नखपॉलिश यांमध्येही याच कुळातील रसायने असतात. त्यामुळे बोटांना खाज, पुरळ किंवा भेगा आल्याचा अनुभव असेल, तर दात भरण्यापूर्वी तो अवश्य सांगावा.

कॉम्पोझिटची खरी कसोटी मात्र ओलाव्यात लागते. ते दाताला नीट चिकटायचे तर दात कोरडा हवा. हाताला कंप असलेले, जीभ सतत हलणारे, फार वेळ तोंड उघडे ठेवू न शकणारे किंवा स्मृतिभ्रंशामुळे सूचना न कळणारे ज्येष्ठ असतील, तर हा कोरडेपणा साधणे कठीण होते. मग कडेला फट राहते आणि फटीतून जंतू आत शिरतात. कागदावर निर्दोष असलेले फिलिंग अशा तोंडात लवकर निकामी होऊ शकते.

ग्लास आयोनोमर : ज्येष्ठांना जवळचे

१९७०च्या सुमारास लंडनमधील सरकारी रसायनशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी एक वेगळे सिमेंट विकसित केले. विशिष्ट काचेची पूड आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल यांच्या संयोगातून ते घट्ट होते. त्याचे नेहमीचे रूप दिव्याविना घट्ट होते, त्यात सुटे रेझिन नसते, दाताशी ते रासायनिक बंधाने जोडले जाते आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला.

वाढत्या वयात हिरड्या मागे सरकतात आणि दाताची मुळे उघडी पडतात. मुळांवर एनॅमलचे कवच नसते. त्यातच रक्तदाबाची, नैराश्याची, सर्दीची किंवा लघवीवर ताबा आणणारी काही औषधे लाळ कमी करतात. कोरड्या तोंडात मुळांना कीड भराभर लागते. अशा किडीसाठी ग्लास आयोनोमर पुष्कळदा सोयीचे ठरते. ते कॉम्पोझिटइतके मजबूत नसते, दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर लवकर झिजते, हा त्याचा उणेपणा. त्याच्या काही प्रकारांत रेझिन मिसळलेले असते. रेझिनची ॲलर्जी असलेल्यांनी ते आधी विचारून घ्यावे. फिलिंग केल्यावर निदान तासभर त्या बाजूने काही चावू नये.

अंथरुणाला खिळलेल्या, खुर्चीत बसणेही शक्य नसलेल्या रुग्णासाठी आणखी एक पर्याय आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रावण किडीवर लावले असता कीड पुष्कळदा जागच्या जागी थांबते. कोरावे लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. किडीचा भाग मात्र कायमचा काळा पडतो. हे कुटुंबीयांना आधी ठाऊक असावे, म्हणजे नंतर धक्का बसत नाही. चांदीची ॲलर्जी असल्यास किंवा तोंडात व्रण असल्यास ते टाळतात.

खोल कीड आणि आतली मज्जा

पूर्वी असा समज होता की फिलिंगचा पदार्थच दाताच्या मज्जेला मारतो. १९६५ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने या समजाला मोठा हादरा दिला. उंदरांच्या दाढांना छिद्र पाडून मज्जा उघडी ठेवण्यात आली. साध्या उंदरांची मज्जा सडली, तेथे पू झाला. परंतु जन्मापासून पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या मज्जेने स्वतःच नवा कठीण पडदा तयार करून छिद्र बुजवले. अन्नकण दोघांच्याही दातांत शिरत होते; फरक जंतूंचा होता. तेव्हापासून दंतवैद्यक पदार्थाच्या गुणाइतकेच महत्त्व फिलिंगच्या कडा किती घट्ट बसल्या आहेत, याला देत आले आहे.

कीड मज्जेपर्यंत पोहोचली असेल तर आज कॅल्शियम सिलिकेट जातीची सिमेंटे वापरतात. त्यांतील एमटीए हे १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी पुढे आणले. रासायनिकदृष्ट्या ते बांधकामाच्या सिमेंटच्या नात्यातले, अर्थात अत्यंत शुद्ध केलेले. मज्जेला ते सहन होते, इतकेच नव्हे तर नवा कठीण थर बनवण्यास तिला प्रवृत्तही करते.

तात्पुरत्या फिलिंगमध्ये झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातील युजेनॉल असते. त्याचा वास आपल्या सर्वांच्या ओळखीचा. त्याने ठणका शमतो. पण घरच्या घरी निव्वळ लवंग तेलाचा बोळा वारंवार ठेवल्यास हिरडी व गाल भाजून निघतात. युजेनॉल कॉम्पोझिटच्या घट्ट होण्यातही अडथळा आणते. म्हणून घरी लवंग तेल लावले असेल तर ते दंतवैद्यांना सांगावे.

न भरलेला दात

पदार्थांच्या भीतीने दात भरणे लांबणीवर टाकणाऱ्यांची संख्या माझ्या अनुभवात चांदीने त्रास झालेल्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. किडलेल्या दाताखाली पू झाला की मधुमेहीची साखर आटोक्यात राहत नाही. चावता येत नाही म्हणून भाकरी, कोशिंबिरी, फळे, शेंगदाणे ताटातून जातात आणि मऊ, गोड, पिठूळ पदार्थ उरतात. अंगावरचे मांस झडते.

काहींच्या बाबतीत तर दात वाचवणे हे काढण्यापेक्षा फार सुरक्षित असते. हाडे ठिसूळ झाल्यामुळे बिस्फॉस्फोनेट गटातील गोळ्या किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शने घेणाऱ्यांचा दात काढल्यास जबड्याचे हाड न भरून येण्याचा धोका असतो. तोंड किंवा घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्यांनाही तसाच धोका असतो. अशांनी छोटी कीड असतानाच ती भरून घ्यावी. रक्त पातळ ठेवणारी गोळी फिलिंगसाठी आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती ‘दाढ दुखते’ असे सांगत नाही. ती घास नाकारते, गालाला हात लावते, चिडते, रात्री जागी राहते. ‘बाबा हल्ली जेवतच नाहीत’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कुटुंबीयांना मी आधी विचारतो, की त्यांच्या तोंडात उजेड टाकून शेवटचे कधी पाहिले?

केव्हा शंका घ्यावी?

फिलिंगनंतर काही दिवस थंड-गरम झोंबणे सामान्य आहे. पुढील लक्षणे असतील तर मात्र वाट पाहू नये :

• दुखणे दिवसेंदिवस वाढणे, रात्री आपोआप ठणका लागणे, गालावर सूज किंवा ताप येणे.

• ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, अंगावर गांधी उठणे. ही तातडीची स्थिती आहे. थेट रुग्णालय गाठावे.

• फिलिंगला टेकणाऱ्या गालावर किंवा जिभेवर जाळीदार पांढरे चट्टे येणे, तिखट झोंबणे. हा फिलिंगचा परिणाम असू शकतो आणि ते बदलल्यावर बरा होऊ शकतो. परंतु तंबाखू, मिश्री किंवा सुपारीची सवय असलेल्यांनी असा चट्टा फिलिंगवर ढकलून स्वस्थ बसू नये. दोन आठवड्यांत न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा तपासून घेतलाच पाहिजे. तो कर्करोगपूर्व अवस्थेचा असू शकतो.

• फिलिंग निखळले आणि सापडत नसेल, त्यानंतर खोकला किंवा धाप सुरू झाली असेल, तर तुकडा श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता असते. पक्षाघात झालेल्यांमध्ये खोकण्याची प्रतिक्रिया मंद असते. छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.

जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

दंतवैद्यांकडे जाताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. मूत्रपिंडाचा आजार, पार्किन्सन, हृदयातील कृत्रिम झडप, पूर्वीची ॲलर्जी आणि हाडांसाठीची इंजेक्शने यांचा उल्लेख स्वतः होऊन करावा. झडप असलेल्यांना काही दंतोपचारांपूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते. त्यानंतर पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत :

१. हे फिलिंग बदलण्याची गरज नेमकी कशामुळे आहे? खाली कीड आहे, कड तुटली आहे, की केवळ रंग काळा आहे?

२. माझ्या या दातासाठी आपण कोणता पदार्थ निवडला आहे, आणि का?

३. जुनी चांदी काढायची असेल, तर दाताभोवती रबराचा पातळ पडदा, पाण्याची धार आणि जोरदार शोषनळी वापरणार का?

४. किती वेळाने खावे, आणि पुन्हा दाखवायला केव्हा यावे?

भरलेल्या पदार्थाचे नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून घ्यावी व ती इतर वैद्यकीय कागदांसोबत ठेवावी. पुढे कधी ॲलर्जीचा संशय आला तर हा एवढासा कागद फार उपयोगी पडतो. बधिरतेची सुई दिली असेल तर ओठांची संवेदना परत येईपर्यंत गरम चहा किंवा घट्ट अन्न देऊ नये. ज्येष्ठांचा गाल नकळत चावला जातो, तोंड भाजते. एमआरआय तपासणीसाठी फिलिंग काढण्याची आवश्यकता नसते. काढता येणारी कवळी मात्र आधी काढून ठेवावी आणि दातांतील धातूची कल्पना तंत्रज्ञांना द्यावी.

घरात काळजी घेणाऱ्यांसाठी एक शेवटची सूचना. आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, आई-वडिलांना खिडकीपाशी बसवून बॅटरीच्या उजेडात त्यांचे तोंड पाहावे. हिरडीलगतची मुळे तपकिरी दिसतात का, एखाद्या फिलिंगची कड उचलली गेली आहे का, गालाच्या आत चट्टा आहे का, एवढेच बघायचे. रोज रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रश करून द्यावा, तोंड कोरडे पडत असल्यास पाण्याचे घोट देत राहावेत आणि औषधांमुळे कोरडेपणा येतो आहे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्यांपैकी एखादी गोळी कमी करता किंवा बदलता येण्यासारखी असते.